जुना केग, ताजे हॉप्स : पुण्यात घरच्या घरी हॉप वॉटर

परदेशात राहताना घरी पेल एल (फिकट रंगाची एक बिअर) बनवणारे बरेच जण पुण्यात परततात, तेव्हा सामानात एखाद-दुसरा स्टीलचा केग (बिअर दाबाखाली साठवायची टाकी), गॅसचा रेग्युलेटर, नळ्यांची गुंडाळी आणि हॉप्सचं, म्हणजे बिअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या वाळल्या फुलांचं, अर्धवट पाकीट असतं. काही वर्षं ते माळ्यावर पडून राहतं. मग एखाद्या एप्रिलमध्ये हात शिवशिवायला लागतात.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू तयार करणं हा त्यात गुन्हा आहे. स्वतःपुरती, घरातल्या घरात, विक्री न करता केली तरी तो गुन्हाच. पेल एल प्यायचीच असेल तर पुण्यात परवानाधारक मायक्रोब्रुअऱ्या भरपूर आहेत. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक २००९मध्ये याच शहरात सुरू झाली. पण या छंदातला जो भाग हाताला हवाहवासा वाटतो, म्हणजे हॉप्स निवडणं, पाणी जुळवणं, तापमान सांभाळणं, केगमध्ये गॅस भरणं, तो सगळा हॉप वॉटरमध्ये जसाच्या तसा आहे. यीस्ट नाही, साखर नाही, म्हणून दारूही नाही. पेल एलचा संत्र्या-पपनसासारखा वास आणि किंचित कडवटपणा थंडगार सोड्यात उतरवायचा, एवढंच काम.

एवढंच म्हटलं तरी ते सोपं नाही. पेल एलमध्ये माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा आणि यीस्टचे स्वाद बऱ्याच चुका पोटात घालतात. इथे पाण्याशिवाय काही नाही. शिळे हॉप्स, जुनी नळी, क्लोरीन, आत राहिलेली हवा, सगळं पहिल्याच घोटाला कळतं. बिअर बनवताना ज्या गोष्टी ‘जमलं तर करू’ म्हणून सोडल्या जात, त्या इथे मुख्य आहेत.

माळ्यावरून काढलेलं सामान

केगपासून सुरुवात करा. १९ लिटरच्या नेहमीच्या केगला पाच रबरी रिंगा असतात: झाकणाची मोठी एक, दोन्ही पोस्टवर (गॅस आत आणि पेय बाहेर नेणाऱ्या तोंडांवर) एकेक आणि आतल्या दोन नळ्यांच्या डोक्यावर एकेक. या पाचही सरळ टाकून द्या. रबर जुन्या बिअरचा वास धरून ठेवतं आणि तो पाण्यात उतरतो. शिवाय काही वर्षं पडून राहिलेलं रबर चपटं होऊन कडक पडतं, मग गॅस गळतो. नवीन सिलिकॉन किंवा नायट्राइल रिंगा बसवताना फूडग्रेड ग्रीसचं बोट फिरवा.

नळ्यांचंही तेच. पिवळी पडलेली बिअर लाइन कितीही धुतली तरी उपयोग नाही. नवी फूडग्रेड नळी घ्या. बोहरी आळीत नळ्या, क्लिपा, स्टीलचे जोड मिळतात, पण तिथल्या बहुतेक नळ्या औद्योगिक कामाच्या असतात. ‘पाण्याला चालते’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. नळीवर फूडग्रेड छापलेलं असेल तरच घ्या. आतून ओरखडे पडलेली प्लास्टिकची जुनी बादलीही बाद करा. राहिलेलं यीस्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट यांचं आता काही काम नाही.

केग धुवायला सोडियम परकार्बोनेट, लिटरला ५-६ ग्रॅम, ५५ ते ६० अंश गरम पाण्यात. अर्धा तास भरून ठेवा, मधे एकदा उलटा करा, मग दोनदा साध्या पाण्याने विसळा. घरात फरशीसाठी असतं ते ब्लीच स्टीलला लावू नका. क्लोरीनमुळे स्टीलवर बारीक खड्डे पडतात आणि ते पुढे कायम घाण धरतात. निर्जंतुकीकरणासाठी फॉस्फोरिक ॲसिडवर आधारलेलं, विसळावं न लागणारं सॅनिटायझर असेल तर उत्तम. नसेल तर उकळतं पाणी केगमध्ये ओतून, झाकण लावून दहा मिनिटं ठेवा. ते बाहेर काढताना आधी सेफ्टी व्हॉल्व्ह उघडा, मगच झाकण.

मग गळती तपासा. रिकाम्या केगमध्ये ३० पीएसआय (दाबाचं एकक) इतका कार्बन डायऑक्साइड गॅस भरा, झाकणावर आणि पोस्टवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे दिसतात का पाहा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर तसंच सोडा. सकाळी काटा खाली आलेला असेल तर गळती आहे. ही एक रात्र वाचवायला गेलात तर नंतर अख्खा सिलिंडर हवेत जातो.

पाण्याची आम्लता मोजणारा पीएच मीटर काही वर्षं कोरडा पडला असेल तर त्याचा इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या ३ मोलर द्रावणात एक दिवस बुडवून ठेवा आणि मग ७.०० व ४.०१च्या बफरमध्ये जुळवा. आकडा मिनिटभरात स्थिर होत नसेल तर इलेक्ट्रोड गेला. मग २.८ ते ४.४ या पट्ट्यातल्या पीएच कागदी पट्ट्या घ्या, त्या पुरतात. अंदाजाने मात्र हे काम करू नका. कारण पुढे येतंच आहे.

थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवून तपासताना एक लक्षात ठेवा: पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. थर्मामीटर ९८ दाखवत असेल तर तो बरोबर आहे, त्याला दोन अंश ‘दुरुस्त’ करू नका.

पाणी

खडकवासला साखळीतलं महापालिकेचं पाणी बऱ्यापैकी मऊ असतं. हॉप वॉटरला ते चांगलं, अडचण फक्त क्लोरीनची. पावसाळ्यात धरणात गढूळ पाणी आलं की नळाला क्लोरीनचा वासही वाढतो. क्लोरीन हॉप्समधल्या फिनॉल गटातल्या द्रव्यांशी जुळला की दवाखान्यासारखा वास येतो आणि तो नंतर कशानेही जात नाही. उपाय साधा: दहा ते पंधरा मिनिटं झाकण न लावता खळखळून उकळा. क्लोरीनबरोबर पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजनही जातो, तो फायदा वेगळा.

वाघोली, उंड्री, बावधन, हिंजवडीकडच्या सोसायट्यांमध्ये टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर गोष्ट वेगळी. ते बहुधा जड असतं, त्यात बायकार्बोनेट भरपूर. त्याचा पीएच खाली आणायला इतकं आम्ल लागतं की पेय आंबट होतं. अशा ठिकाणी आरओचं पाणी वापरा. मात्र आरओचं पाणी अगदी फिकं लागतं, म्हणून त्यात १० लिटरला १ ग्रॅम फूडग्रेड कॅल्शियम क्लोराइड घाला. तोंडात थोडा भरीवपणा येतो. पेल एलसाठी घालत होतात ते जिप्सम इथे नको. त्यातलं सल्फेट कडवटपणाला धार देतं, आणि माल्ट नसताना ती धार नुसती टोचते.

पीएच, म्हणजे अर्धी लढाई

नळाच्या पाण्याचा पीएच सातच्या वर असतो. तशा पाण्यात हॉप्स टाकले की पानांमधले पॉलिफिनॉल सुटतात आणि चहाचा चोथा उकळल्यासारखी तुरट, गवताळ चव येते. पहिल्यांदा हॉप वॉटर करणाऱ्यांपैकी ज्यांना ते आवडलं नाही, त्यांच्या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. आम्ल हॉप्सच्या आधी पाण्यात जायला हवं. नंतर लिंबू पिळून तुरटपणा निघत नाही.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. या पेयात दारू नाही, आणि केगमध्ये हवा नसते. हॉप्स काही जीवाणूंना रोखतात, पण ई. कोलाय, साल्मोनेला यांच्यावर त्यांचा भरवसा धरता येत नाही. बोट्युलिझमचा जीवाणू ४.६ पीएचच्या खाली वाढत नाही. म्हणून तयार पेयाचा पीएच ४च्या खालीच हवा, चवीलाही ३.६ ते ३.९ हाच पट्टा चांगला. हॉप्स घातल्यावर पीएच थोडा वर सरकतो, त्यामुळे सुरुवातीला ३.६ धरून चाला.

किराण्याच्या दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड चालतं. १० लिटरला आरओच्या पाण्यात साधारण १.३ ते १.५ ग्रॅम, महापालिकेच्या मऊ पाण्यात ३ ग्रॅमच्या आसपास, आणि जड बोअरच्या पाण्यात १२ ग्रॅमपर्यंत. या शेवटच्या आकड्यावरूनच कळेल की बोअरचं पाणी का नको. पाणी दर मोसमात बदलतं, म्हणून या मात्रांच्या पाऊण हिश्शाने सुरुवात करा, मोजा, मग वाढवा. मोजायला ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला इलेक्ट्रॉनिक काटा हवा. चमच्याने माप नको. कागदी लिंबाचा रस घालायचा झाला तर शेवटी, चवीपुरता. त्याचा आंबटपणा प्रत्येक फळात वेगळा असतो.

आणि पीएच गॅस भरायच्या आधी मोजा. कार्बन डायऑक्साइड स्वतः पाण्याला आम्लधर्मी करतो, त्यामुळे भरलेल्या ग्लासात आकडा खोटा, म्हणजे कमी येतो.

हॉप्स

फ्रीजरमध्ये राहिलेलं जुनं पाकीट उघडा आणि वास घ्या. चीजसारखा, घामट वास आला किंवा हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या हिरव्याच्या तपकिरी झाल्या असतील तर फेकून द्या. पाकीट सीलबंद, निर्वात आणि कायम फ्रीजरमध्येच असेल तर दोन-तीन वर्षांचे हॉप्सही चालू शकतात. एकदा उघडून रबरबँड लावून ठेवलेले नाहीच. बिअरमध्ये उकळायला जुने हॉप्स घालून कडवटपणा काढता येत असे. इथे आपल्याला कडवटपणा नकोच आहे, वास हवा आहे, आणि वासच आधी जातो.

भारतात लाहौलच्या खोऱ्यात हॉप्सची शेती झालेली आहे, पण पेल एलची आठवण करून देणाऱ्या जाती बाहेरूनच येतात. पाकिटावर पिकाचं वर्ष आणि अल्फा ॲसिडची (ज्यापासून कडवटपणा येतो त्या द्रव्याची) टक्केवारी पाहून घ्या. शक्य असेल तर वर्षभराची मागणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीदरम्यान नोंदवा. मे महिन्यात कुरिअरच्या गोदामात तीन दिवस तापलेलं पाकीट कितीही चांगल्या कंपनीचं असलं तरी उतरलेलंच असतं. घरी आल्यावर लगेच ३०-३० ग्रॅमच्या पुड्या करून, हवा काढून, फ्रीजरमध्ये.

पहिल्या खेपेला कॅस्केड घ्या. १९७२मध्ये आलेली ही जात अमेरिकन पेल एलची ओळख ठरली. अल्फा ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास, वास पपनसाचा आणि फुलांचा. हात चुकला तरी ती फार कडू होत नाही. सिट्राचा अल्फा ११ ते १४. आंबा, लिची, लिंबाची साल असा वास, पण अर्धा ग्रॅम जास्त झाला तरी जाणवतो. मोझॅकमध्ये कधीकधी कांद्याचा वास डोकावतो. बिअरमध्ये तो चालून जातो, पाण्यात नाही. इंग्लिश पेल एलची सवय असेल आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज मिळाले तर तेही करून पाहण्यासारखे आहेत. मध आणि वाळल्या गवताच्या मधला, शांत वास येतो.

कृती : १० लिटर

लागेल ते असं: पाणी १२ लिटर, सायट्रिक ॲसिड ३ ग्रॅम (महापालिकेच्या पाण्यासाठी), कॅस्केडच्या गोळ्या ३० ग्रॅम, एक बारीक विणीची नायलॉनची पिशवी किंवा स्टीलची जाळीची नळी, झाकणाचं मोठं पातेलं, थर्मामीटर.

आदल्या रात्री ७ लिटर पाणी पंधरा मिनिटं उकळा, झाकण ठेवून निववा आणि झाकलेलंच फ्रीजमध्ये ठेवा. याचं कारण असं की पुण्यात उन्हाळ्यात नळाचं पाणीच तीस अंशांच्या आसपास असतं. त्याने गरम पातेलं निववायला तास-दीड तास जातो आणि तेवढ्या वेळात वास उडतो. पाच अंशांचं सात लिटर पाणी ७८ अंशांच्या चार लिटरमध्ये ओतलं की मिश्रण एका क्षणात ३१-३२ अंशांवर येतं.

दुसऱ्या दिवशी साडेचार-पाच लिटर पाणी पंधरा मिनिटं उकळा. चार लिटर उरेल असं पाहा. गॅस बंद करा. सायट्रिक ॲसिड सगळंच्या सगळं या चार लिटरमध्ये विरघळवा. पाणी ७८ अंशांवर येऊ द्या आणि मग १० ग्रॅम हॉप्स पिशवीत घालून सोडा. झाकण लावा. पंधरा मिनिटं.

तापमानाचा हट्ट का, ते सांगायला हवं. हॉप्समधली अल्फा ॲसिडं उष्णतेने बदलतात तेव्हा कडवटपणा येतो, आणि ८० अंशांच्या वर हा बदल वेगाने होतो. पेल एलमध्ये ३५ आयबीयू (कडवटपणाचं माप) सुखाने पिता येतात, कारण समोर माल्ट असतो. नुसत्या पाण्यात १० आयबीयूदेखील कडू वाटतात. उलट पाणी ७० अंशांखाली गेलं तर गोळ्यांवरचे जंतू मरण्याची खात्री कमी होते. ७५ ते ८० हीच खिडकी. पातेलं जाड बुडाचं असेल तर पंधरा मिनिटांत तापमान फार उतरत नाही. पातळ असेल तर भोवती जुना टॉवेल गुंडाळा. झाकण मात्र काढायचं नाही: वाफेबरोबर जे स्वयंपाकघरात दरवळतं ते ग्लासातून वजा झालेलं असतं.

पंधरा मिनिटांनी पिशवी उचला, निथळू द्या, पिळू नका. पिळल्याने तुरट रस आणि हिरवा गाळ खाली येतो. आता फ्रीजमधलं थंड पाणी ओता. ओतताना उंचावरून धार धरू नका, पातेल्याच्या कडेने सोडा. इथून पुढे हवा आत जाऊ द्यायची नाही. पीएच मोजा. ३.८च्या वर असेल तर चिमूटभर सायट्रिक ॲसिड थोड्या उकळलेल्या पाण्यात विरघळवून घाला.

धुतलेल्या, निर्जंतुक केगमध्ये सायफनने भरा, नळीचं तोंड तळाला टेकलेलं ठेवून. उरलेले २० ग्रॅम हॉप्स उकळत्या पाण्यातून काढलेल्या पिशवीत घाला, बुडावं म्हणून आत एक-दोन स्टीलचे जड नट उकळून घाला आणि पिशवी न मेणलेल्या दंतधाग्याने झाकणाच्या आतल्या बाजूला लटकवा. म्हणजे नंतर बाहेर काढता येते.

केग अर्धाच भरलेला असल्यामुळे वर नऊ लिटर हवा उरते. ती घालवायला ३० पीएसआयने गॅस भरा, सेफ्टी व्हॉल्व्ह ओढून सोडा, परत भरा. दर वेळी आतली हवा साधारण एक तृतीयांश उरते. पाच वेळा केलं की ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ०.१ टक्क्याच्या खाली येतो. यात दीड-पावणेदोनशे ग्रॅम गॅस खर्च होतो. तो वाया गेला असं समजू नका. हवा राहिली तर चार दिवसांत पपनसाचा वास जाऊन ओल्या पुठ्ठ्याचा येतो. जमेल तेव्हा १८ लिटरची खेप करा, म्हणजे वरची जागाच कमी राहते आणि गॅसही.

केग फ्रीजमध्ये, ४ अंशांवर, चोवीस तास. मग झाकण उघडून पिशवी काढा, पुन्हा पाच वेळा हवा घालवा. अठ्ठेचाळीस तासांपुढे हॉप्स आत ठेवले तर गवत लागायला लागतं. थंड पाण्यात हॉप्स टाकण्याचा हा टप्पा तापवून निर्जंतुक झालेला नसतो. पीएच ४च्या खाली आणि तापमान ४ अंश हे दोन्ही पाळता येत असेल तरच तो करा. फ्रीज भरवशाचा नसेल, वीज वारंवार जात असेल, तर सगळे हॉप्स गरम टप्प्यातच घाला, १० ऐवजी एकूण २० ग्रॅम. वास थोडा कमी येईल, पण निर्धास्त पिता येईल.

गॅस

बिअरपेक्षा इथे गॅस बराच जास्त हवा. ४ अंशांवर २४-२५ पीएसआय ठेवून पाच ते सात दिवस जोडून ठेवलं की पाण्याच्या आकारमानाच्या साधारण साडेतीन पट गॅस विरघळतो. गॅसच्या दाबाच्या तक्त्यांमधले आकडे समुद्रसपाटीचे असतात. पुण्याच्या उंचीला एक पीएसआय वाढवून घ्या. घाई असेल तर ३० पीएसआयवर केग आडवा धरून पाच मिनिटं हलवा, मग एक रात्र शांत ठेवा. पाणी कोमट असताना हे करू नका: ३२ अंशांना त्याच दाबाला निम्माच गॅस मुरतो आणि ‘रेग्युलेटर बिघडला’ असं उगाच वाटत राहतं.

ओतताना एवढ्या दाबाने नुसता फेसच येईल. ओतण्यापूर्वी गॅसची नळी काढा, सेफ्टी व्हॉल्व्हने दाब ६-८ पीएसआयवर आणा, ओता, परत २५वर जोडा. कायमची सोय हवी असेल तर आतून ५ मिमी व्यासाची तीन-चार मीटर लांब नळी लावा. लांब नळीत दाब हळूहळू उतरतो.

सिलिंडरच्या मानेवर शेवटच्या चाचणीची तारीख ठोकलेली असते. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची दाबचाचणी साधारण दर पाच वर्षांनी लागते. ती उलटून गेलेला सिलिंडर जबाबदार गॅसवाला भरून देणार नाही आणि देत असेल तर तुम्ही घेऊ नका. गॅस घेताना खाद्यपेयांच्या दर्जाचाच मागा. वेल्डिंगसाठीच्या गॅसला तेलाचा, गंजाचा वास असू शकतो. अमेरिकेतून आणलेला रेग्युलेटर इथल्या व्हॉल्व्हवर बऱ्याचदा बसत नाही, आटे वेगळे असतात. योग्य अडॅप्टर आणि वॉशर लावा, टेप गुंडाळून जबरदस्ती करू नका.

आणखी दोन गोष्टी पुण्याच्या उन्हाळ्यापुरत्या. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहतच नाही आणि सिलिंडरमधला दाब झपाट्याने चढतो. म्हणून सिलिंडर गच्चीवर किंवा उन्हाच्या गॅलरीत ठेवायचा नाही. सावलीत, उभा, साखळीने बांधून. आणि तो बंद खोलीत गळला तर गॅस जमिनीलगत साठतो आणि श्वास कोंडतो, म्हणून लहान भांडारखोलीत किंवा बंद गाडीच्या डिकीतही नको. आत किती उरलाय ते काट्यावरून कळत नाही, कारण थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब तोच राहतो. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि रिकाम्याचं वजन वजा करा.

केग नसेल तर

सोड्याची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. साध्या पाण्याची पातळ बाटली दाब सोसत नाही आणि काचेची तर नाहीच नाही. बाटलीला केगच्या जोडणीचं टोपण मिळतं. थंड हॉप वॉटर पाऊण भरा, बाटली दाबून हवा काढा, टोपण लावा, ३० पीएसआय देऊन मिनिटभर हलवा. अर्ध्या तासाने प्यायला तयार.

घरात सोडा मशीन असेल तर त्यात हॉप्सचं पाणी घालू नका. फेस उसळून नळी चोंदते. त्यापेक्षा अर्क करा: एक लिटर पाणी, १.५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ७८ अंश, १५ ग्रॅम हॉप्स, पंधरा मिनिटं. गाळून थंड करा आणि ग्लासात एक भाग अर्काला चार भाग थंड सोडा ओता. विकतचा सोडा घेणार असाल तर लेबल वाचा. सोडियम बायकार्बोनेट घातलेल्या सोड्याने आम्ल मारलं जातं आणि चव बोथट होते. हा अर्क फ्रीजमध्ये पाच-सहा दिवसांत संपवा.

बिघडतं ते कुठे

चव तुरट आणि गवताळ असेल तर आधी पीएच पाहा, मग हॉप्स किती वेळ आत होते ते. कडू जास्त झालं तर पाणी ८० अंशांच्या वर होतं किंवा हॉप्सचा अल्फा न बघता मात्रा घातली. सिट्रासारखी जात गरम टप्प्यात १० लिटरला ५ ग्रॅम पुरे. दवाखान्याचा वास म्हणजे क्लोरीन. धातूसारखी चव म्हणजे गंजलेली एखादी क्लिप किंवा पितळी जोड आम्लाला लागतोय. जिथे जिथे पेय लागतं तिथे स्टील किंवा प्लास्टिकच हवं. पातेलंही स्टीलचंच, ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई उडालेलं पितळेचं नको.

वास आहे पण चव पोकळ वाटते, ही तक्रार आरओच्या पाण्यावाल्यांची. कॅल्शियम क्लोराइड घातलं नसेल तर घाला, आणि १० लिटरला एक-दोन चिमूट साधं मीठ. गॅस वाढवूनही फरक पडतो. वर तेलाचा पातळ थर किंवा तळाला हिरवट गाळ दिसला तर घाबरायचं कारण नाही, तो हॉप्सचाच. पहिला ग्लास ओतून टाका, पुढचा स्वच्छ येतो. पण तार धरणारा, बुळबुळीत किंवा आंबूस-कुजका वास येणारा केग चाखूनही बघू नका. ओता, धुवा, सगळ्या रिंगा पुन्हा उकळा.

गोडवा हवा म्हणून साखर किंवा फळाचा रस केगमध्ये घालू नका. हवेतलं रानटी यीस्ट तेवढ्यावरही आंबवतं. लिटरला आठ ग्रॅम साखर आंबली तरी अर्धा टक्क्याच्या आसपास अल्कोहोल तयार होतं, आणि मग आपण जे टाळायला निघालो होतो तेच हातात येतं. बाटलीत असेल तर ती फुटायची भीती वेगळी. आवळा, कोकम, पुरंदरचं अंजीर, काय घालायचं ते ग्लासात घाला.

केगमधलं हॉप वॉटर ४ अंशांवर दोन आठवडे उत्तम लागतं, तिसऱ्या आठवड्यात वास उतरतो. बाटलीतलं आठवड्यात संपवा. वीज जाऊन फ्रीज दिवसभरापेक्षा जास्त बंद राहिला आणि केग कोमट झाला, तर थंड टप्प्यात हॉप्स घातलेली खेप ठेवू नका.

वापरलेले हॉप्स कुंडीत किंवा ओल्या कचऱ्यात चालतात, पण घरात किंवा सोसायटीत कुत्रं असेल तर पिशवी बांधून, झाकणाच्या डब्यात टाका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात. खाल्ल्यावर अंगाचं तापमान धोकादायक वाढतं. थोडे जरी खाल्ल्याचा संशय आला तरी वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या.